ओसरीवरचा डबा

१

उदयच्या सायकलीच्या नादाला अनुराधा नाद म्हणत नसे, दुसरा संसार म्हणे. पाच दिवस तोयोसुच्या ऑफिसात एकविसाव्या मजल्यावर बसून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, शनिवारी उरायासुच्या फ्लॅटमधली कामं उरकायची, आणि रविवार उजाडला की सायकलची दोन्ही चाकं काढून सगळा सांगाडा काळ्या पिशवीत भरायचा नि खांद्यावर मारून स्टेशन गाठायचं. जपानमध्ये गाडीत सायकल अशी बांधूनच न्यावी लागते. पिशवीतून हँडलचं टोक जरी डोकावलं तरी स्टेशनवरचा माणूस हसत हसत अडवतो, आणि त्याचं ते हसणं रागावण्यापेक्षा वाईट असतं.

बरोबर प्रसन्न असे. तो त्याच ऑफिसातला, नागपूरचा, बिनलग्नाचा आणि बिनघाईचा. टोकियोच्या पश्चिमेला दोन तासांवर, जिथे रूळ संपतात तिथे दोघं उतरत, सायकली जोडत आणि दीड तास जंगलखात्याचा रस्ता चढून खिंडीत पोचत. तिथून पुढे उतार. सीडरच्या सरळसोट झाडांतून जेमतेम हातभर रुंदीची मातीची वाट खाली नदीपर्यंत जायची. ओली मुळं, अचानक येणारी वळणं, डावीकडे दरी. ब्रेक किती दाबायचा आणि कधी सोडून द्यायचा, एवढंच डोक्यात उरायचं. बाकी सगळं गळून पडायचं, आणि त्यासाठीच तर उदय जायचा.

ही वाट काही फुकटात मिळाली नव्हती. जपानमधल्या डोंगरवाटांवर सायकलवाले कुणालाच नको असतात. इथल्या गावाने परवानगी दिली ती एका अटीवर: वाट तुम्हीच राखायची. म्हणून खाली उतरताना पडलेल्या फांद्या उचलायच्या, पाणी वाहून जायला खोदलेले आडवे चर साफ करायचे. खालच्या गावातले अठ्ठ्याहत्तर वर्षांचे शिमिझु-सान या कामावर देखरेख करत.

वाटेच्या शेवटी, नदीच्या जरा वर, सहा घरांची वस्ती होती. पाच घरांना फळ्या ठोकलेल्या. सहावं, सगळ्यात वरचं, तेवढं जागं वाटायचं. तिथला शेवटचा चर उदय साफ करायचा. प्रसन्न तोवर लोखंडी पुलावर जाऊन कॅनमधली कॉफी पीत बसायचा. ही कामाची वाटणी कुणी ठरवली होती देव जाणे, पण प्रसन्नला ती पसंत होती.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी उदय चरातला पाला उपसत असताना त्या घरातून आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा, मऊ.

"फार श्रमलात हो. ओसरीवर डबा आहे तो तुमचाच. घेऊन जा."

लाकडी ओसरीवर चौकोनी पत्र्याचा डबा होता, तांदळाच्या बिस्किटांचा, आपल्याकडे माळ्यावर पडलेला असतो तसा. त्यामागचं सरकतं दार वीतभर उघडं होतं आणि आत अंधार. उदयने त्या वीतभर फटीला कमरेत वाकून नमस्कार केला आणि डबा पाठीवरच्या सॅकमध्ये टाकला. आत उकडलेले चेस्टनट होते, अजून कोमट.

२

"आता हा परत कधी नेणार?" अनुराधाने डबा घासता घासता विचारलं.

"पुढच्या रविवारी ठेवून येतो."

"रिकामा?"

"मग काय भरून?"

अनुराधाने त्याच्याकडे असं पाहिलं, की लग्नाला सोळा वर्षं झाली तरी या माणसाला वळण म्हणून लागलं नाही. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. काही नाही तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं नाही. तिच्या आईने हे पाळलं होतं, सासूने पाळलं होतं, आणि उरायासुत येऊन सहा वर्षं झाली तरी पाळायची संधीच तिला मिळाली नव्हती. इथे शेजारणीने एकदा घरी येऊन छोटा टॉवेल दिला होता आणि त्यानंतर लिफ्टमध्ये फक्त मान हलवली होती. तेव्हा कुठल्याशा डोंगरातल्या आजींनी डबा पाठवला म्हटल्यावर अनुराधाला उधाण आलं. तिने बेसन भाजायला घेतलं.

"आजींना सांग, तुपातले आहेत. दात नसले तरी विरघळतील."

बारा वर्षांची सलोनी ओट्यावर बसून वळलेला लाडू पळवत होती. "आजी म्हणजे कुणाची आजी?" तिने जपानीत विचारलं. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर जपानीत यायचं.

"सगळ्यांचीच," अनुराधा म्हणाली.

डब्यात एकवीस लाडू बसले. पुढच्या रविवारी ते उदयने ओसरीवर ठेवले आणि त्याच्या पुढच्या रविवारी डबा तिथेच त्याची वाट पाहत होता. जड. आत मुळ्याचं लोणचं आणि बांबूच्या पानांत गुंडाळलेला भात. घेतलं की परत द्यायचं, ही इथल्या लोकांचीही रीत. दोन्ही बाजूंना सारख्याच हट्टाची माणसं भेटल्यावर थांबायचं कुणी, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. चकल्या गेल्या, मोहरीत मुरवलेली वांगी आली. रव्याचे लाडू गेले, मशरूम आले. अनुराधा गुरुवारपासूनच तयारीला लागायची, आणि ती इतकी खुशीत असायची की उदयने डब्याच्या वजनाबद्दल तक्रार करणं सोडून दिलं.

आजी मात्र कधी दिसल्या नाहीत. ती वीतभर फट, वाफाळत्या भाताचा वास आणि आवाज.

"घरी कोण कोण असतं?" एकदा फटीतून प्रश्न आला.

"बायको आणि मुलगी."

"मुलगी," आवाज म्हणाला. नुसतं तेवढंच. तोंडात काही घोळवावं तसं.

३

नोव्हेंबरच्या शेवटच्या डब्यात खायचं काही नव्हतं. निळ्या सुती कापडाचं, घरात घालायचं जाकीट होतं. हाताने शिवलेलं, बारीक टाके.

"अगंबाई! हिच्यासाठी शिवलं!" अनुराधाचे डोळे भरून आले. सलोनीने ते चढवून आरशासमोर गिरकी घेतली. अगदी अंगाबरोबर.

उदयही हसला. मग त्याचं लक्ष सलोनीच्या मनगटांकडे गेलं आणि तो हसायचा थांबला.

सहाव्या वर्षी सलोनी घसरगुंडीवरून पडली होती. डावा हात कोपरात मोडला, नीट जुळला नाही, आणि वाढताना उजव्यापेक्षा थोडा आखूड राहिला. पाहणाऱ्याच्या लक्षात यायचं नाही. पण तिच्या प्रत्येक शर्टाची डावी बाही पंजावर उतरायची आणि अनुराधा ती आतून दुमडून टाका घालायची. या जाकिटाच्या दोन्ही बाह्या मनगटाच्या हाडावर येऊन थांबल्या होत्या.

सलोनी शाळेत गेल्यावर त्याने मेजरिंग टेप काढली. उजवी बाही एकोणपन्नास सेंटिमीटर. डावी साडेशेहेचाळीस. त्याने तीन वेळा मोजलं. म्हातारं माणूस, नजर अधू, कापताना चुकलं असेल. हाताने शिवलेल्यात एवढा फरक पडायचाच. पण चूक नेमकी डाव्या बाहीत आणि नेमकी अडीच सेंटिमीटरची? चुका शोधायचाच तर त्याचा धंदा होता. चूक कशी दिसते हे त्याला चांगलं माहीत होतं, आणि ही तशी दिसत नव्हती.

त्याने अनुराधाला सांगितलं.

"तूच कधीतरी बोलला असशील," ती म्हणाली.

"मी का बोलेन?"

"मग कळलं असेल त्यांना. जुन्या बायकांना कळतं. तुला ना, कुणी मायेने काही केलेलं बघवतच नाही."

उदयने टेप गुंडाळून ठेवली. त्या आठवड्यात डब्यातून शंकरपाळे गेले.

४

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वाटेवर धुकं होतं. प्रसन्न पुढे निघून गेला होता. उदय मधल्या टप्प्यावर, जिथे वाट ओढ्याला वळसा घालते तिथे आला आणि त्याला मागून टायरचा आवाज ऐकू आला. ओल्या पाल्यावरून हलक्या सायकलचा येतो तसा, चुरचुर. तो बाजूला झाला, वाट द्यायला. कुणी आलं नाही. तो निघाला तर आवाजही निघाला.

मग हाक आली. "बाबा!"

सलोनीची. शंकाच नको. शेवटचा 'बा' लांबवायची तिची पद्धत. उदयने दोन्ही ब्रेक करकचून दाबले, मागचं चाक घसरून तो जवळजवळ दरीतच गेला असता. मागे धुकं होतं आणि झाडांचे बुंधे. वाट शंभर पावलं मागेपर्यंत दिसत होती, आणि तिच्यावर त्याच्या एकट्याच्याच टायरचा ठसा.

या वाटेवर खिंडीपासून खाली पुलापर्यंत फोनला रेंज नसते. आजीच्या घरी त्या दिवशी तो क्षणभरही थांबला नाही. मागच्या रविवारी ठेवलेला डबा ओसरीवर भरून तयार होता, तो उचलून निघाला. आत हात घालून बघायचंही त्याला सुचलं नाही. पुलावर येऊन त्याने घरी फोन लावला.

"सलोनी कुठाय?"

"ही काय, माझ्यासमोर, गृहपाठ करतेय. का रे?"

"काही नाही."

त्याच्या जिवात जीव आला आणि तो पुलाच्या कठड्याला टेकून खाली बसला. प्रसन्न कॅन खाली ठेवून बघत राहिला. "पडलास काय बे?"

"घसरलो थोडा."

स्टेशनकडे जाताना रस्त्याकडेला शिमिझु-सान फावडं धुवत उभे होते. उदय थांबला. वरच्या घरातल्या आजींबद्दल सहज विचारावं तसं विचारलं.

शिमिझु-सान फावडं धुवतच राहिले. मग म्हणाले, "तिथून काही घेतलंत का?"

"हो. डबा देतात त्या."

"परत काही दिलंत?"

"दर वेळी."

म्हाताऱ्याने नळ बंद केला. तो उदयसमोर वाकला, कमरेतून, खूप खाली, आणि वाकलेलाच राहिला. उदयने सहा वर्षांत जपानी नमस्काराचे सगळे प्रकार पाहिले होते. असा त्याने एकदाच पाहिला होता, ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या मुलाच्या अंत्यविधीला. तिथे लोक त्या बापासमोर असे वाकत होते.

५

त्या डब्यात भात खायचा लहान वाडगा होता आणि लाकडी चॉपस्टिक्सची जोडी. इथल्या घरात प्रत्येकाचा वाडगा आणि काड्या ठरलेल्या असतात, दुसरा कुणी वापरत नाही. पाहुण्याला वेगळ्या देतात. ज्याच्या नावाच्या असतील तो घरचा.

ही जोडी नवी नव्हती. काड्यांची टोकं चावून चावून दोऱ्यासारखी झाली होती. वाडग्याची कड एका जागी घासून पांढरी पडली होती, वर्षानुवर्षं त्याच जागी ओठ लागावेत तशी.

सलोनी सातव्या वर्षापासून काड्या चावते. सांगून, रागावून, मिरचीचं बोट लावूनही सुटलेलं नाही.

उदयला हे सगळं कचऱ्यात टाकायचं होतं, पण कुठल्या कचऱ्यात टाकायचं याचाच विचार करत तो उभा राहिला, जळणारा की न जळणारा, आणि तेवढ्यात सलोनी स्वयंपाकघरात आली. तिने वाडगा दोन्ही हातांत घेतला. अंगठा बरोबर त्या पांढऱ्या जागेवर टेकला.

"अय्या, माझा," ती जपानीत म्हणाली, हरवलेलं पेन सापडल्यासारखी.

"तुझा कसा?" उदय ओरडलाच.

सलोनी दचकली. तिने वाडग्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "मी काय म्हटलं?" तिने विचारलं, या वेळी मराठीत.

उदयला वाटलं, तिला उचलून घ्यावं, दार लावावं आणि कुठे म्हणून सोडू नये. पण बारा वर्षांच्या मुलीला असं उचलता येत नाही. तो तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला.

"बस झालं," त्या शनिवारी त्याने अनुराधाला सांगितलं. "उद्या मी हे सगळं परत ठेवून येणार. वाडगा, काड्या, जाकीट. आणि डबा रिकामा. इथून पुढे देणंघेणं बंद."

"वस्तू दे परत, तुला एवढं भ्यायला होत असेल तर. पण डबा रिकामा नाही जाणार."

"रिकामाच जाणार! अगं, आपण देतो म्हणून ते येतंय. कुणीतरी थांबायला नको?"

"ते? ते काय? एक म्हातारी बाई एकटी राहते डोंगरात. तिने आपल्या पोरीसाठी डोळे फोडून शिवलं. आणि तू तिच्या ओसरीवर रिकामा डबा आपटून येणार. तिला काय वाटेल? मी लाडू वळलेत. ते घेऊन जा आणि हवं तर सांग की हे शेवटचे."

"नाही."

"उदय, अपशकुन असतो रे तो," अनुराधा हळूच म्हणाली. "घरावर येतो."

सलोनी दारात उभी होती. ती कधीपासून ऐकत होती कुणास ठाऊक.

६

रविवारी तो पहिल्याच गाडीने निघाला. प्रसन्नला कळवलं नाही, अनुराधाला उठवलं नाही. सलोनीच्या खोलीत मात्र डोकावला. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, डावा हात उशीखाली. लाडू ओट्यावर ताटात झाकलेले होते. त्याने त्यांना हात लावला नाही.

साडेनवाला तो खिंडीत पोचला आणि तिथल्या बाकावर त्याचं अवसान गळालं. उतरायला पाऊल उचलेना. मनाला तो समजावत होता: डबा ठेवायचा, चार शब्द बोलायचे, निघायचं. दहा मिनिटांचं काम. खालून धुकं वर चढत होतं. साडेदहा झाले. अकरा झाले. शेवटी साडेअकराच्या सुमाराला त्याने स्वतःला एक सणसणीत शिवी दिली आणि सायकल उतारावर लोटली.

ओढ्याच्या वळणाशी मागून आवाज आला. चुरचुर, चुरचुर.

या वेळी तो थांबला नाही. त्याने दात आवळले. वळण घेतलं, दुसरं घेतलं. आवाज मागे पडला, पुन्हा आला.

"बाबा!"

मानेवर काटा उभा राहिला. ती घरी आहे, तो स्वतःला म्हणाला. घरी आहे, झोपली होती, मी पाहिलीय. मागच्या वेळीही घरीच होती. हे ते आहे. ओळखलंय मी तुला.

"बाबा, थांब ना! बाबाऽ!"

किती हुबेहूब. धाप लागलेली, रडकुंडीला आलेली. आणि मराठीत. बापाचं काळीजच ते, हात आपोआप ब्रेकवर गेले. उदयने ते बोट बोट करून उचलले. आयुष्यात त्याने एवढं कठीण काम केलं नव्हतं. सायकल मुळांवरून उधळली, दगडांवरून उडाली, आणि हाक धुक्यात लांब लांब गेली. थांबलो नाही, त्याला वाटलं. जिंकलो. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

ओसरीवर त्याने वाडगा ठेवला, काड्या ठेवल्या, जाकिटाची घडी ठेवली. मग डबा ठेवला आणि झाकण काढून बाजूला ठेवलं, म्हणजे रिकामा आहे हे दिसावं.

"खूप दिलंत," तो फटीला म्हणाला. "आता आम्ही काही देणार नाही. काही घेणारही नाही. क्षमा करा."

फटीतून भाताचा वास आला.

"चालेल," आवाज म्हणाला. रागावलेला नाही, दुखावलेलाही नाही. "द्यायचं ते मागून येतंय ना."

त्याने पाठ फिरवली आणि पुलाकडे सायकल सोडली.

७

पुलावर पोचल्यावर त्याने घरून निघताना बंद केलेला फोन सुरू केला आणि तो एकामागून एक थरथरू लागला. अनुराधाचे निरोप.

पहिला सकाळी सव्वासातचा: "काय माणूस आहेस तू. रिकामा घेऊन गेलासच."

दुसरा साडेसातचा: "प्रसन्नला फोन केला, तो निघतच होता. सलोनीला त्याच्याबरोबर पाठवतेय. तिनेच हट्ट धरला, आजीला स्वतः लाडू देईन म्हणाली. सायकल घेतलीय तिने. डबा ठेवायच्या आधी तिला गाठू दे."

तिसरा अकराचा: "पोचली का रे? थांब तिच्यासाठी."

उदयने ते वाचले. पुन्हा वाचले. अक्षरं कळत होती, अर्थ कुठेतरी दाराबाहेर उभा होता. मग वळणावरून प्रसन्न उतरत आला, एकटा, चिखलाने माखलेला.

"सॉरी यार, खिंडीतच पंक्चर झालं," तो धापा टाकत म्हणाला. "सलोनी कुठाय?"

उदयने त्याच्या मागच्या रिकाम्या वाटेकडे पाहिलं.

"अरे, तू उतरताना दिसलास ना तिला. म्हणाली, काका, तो बघा बाबा, मी पुढे जाते. मीच म्हटलं जा, हळू जा. तुझ्या मागेच तर होती." प्रसन्नचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. "मला वरून ऐकू येत होतं, उदय. केवढ्याने हाका मारत होती. तू थांबला का नाहीस?"

८

तिची सायकल घराबाहेर चराशेजारी नीट उभी केलेली होती. ओसरीखालच्या दगडावर तिचे बूट होते. सलोनी बूट कसे काढते हे उदयला माहीत होतं, एक इथे नि एक तिथे. हे जोडून ठेवलेले होते, टोकं बाहेरच्या बाजूला, पाहुण्यांचे बूट घरातल्या बाईने फिरवून ठेवावेत तसे. डबा ओसरीवर नव्हता. वाडगा नव्हता. जाकीट नव्हतं.

"सलोनी!"

दार सरकवून तो बुटांसकट आत घुसला. चटयांची खोली, मधोमध एक कमी उंचीचं टेबल, त्यावर उघडा डबा. डब्यात लाडू, एकवीस असतील, एक अर्धा खाल्लेला. भाताची वाफ अजून हवेत होती. समोरचं कागदी दार नुकतंच कुणीतरी ओढून घेत होतं. शेवटच्या फटीत त्याला तिची पांढऱ्या मोज्यातली टाच दिसली.

त्याने ते दार उघडलं. दुसरी खोली, तशीच. पलीकडचं दार मिटत होतं. त्यात निळ्या बाहीचं टोक. तो धावला. तिसरी खोली. बाहेरून पाहिलं तर त्या घरात दोन खोल्यांपेक्षा जास्त मावल्या नसत्या. त्याने ते मोजलं, अशा वेळीही मोजलं, आणि चौथं दार उघडलं. पाचवं. चटयांवर धूळ वाढत चालली होती, उजेड कमी होत होता, आणि प्रत्येक पलीकडचं दार त्याच शांतपणे, कसलीही घाई न करता मिटत होतं.

सहाव्या खोलीत त्याला दोघी दिसल्या, डोळ्याचं पातं लवावं तेवढाच वेळ. सलोनी पाठमोरी, केस विंचरून घट्ट बांधलेले, ताठ चालत होती. तिचा डावा हात कुणाच्या तरी हातात होता. ते दुसरं कोण ते दाराआड गेलं होतं. नुसता कपड्याचा काठ चटईवरून सरपटत मागे जात होता, काळपट, जड. सलोनी दाराआड गेली. काठ जातच राहिला. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो पसरलेला होता आणि तरी संपत नव्हता, उदयच्या पायांना घासून, त्याच्या मागच्या दारातून येत होता. मग पलीकडचं दार मिटलं.

तो त्या दाराला बिलगला. ते सरकेना. त्याने मुठी आपटल्या, कागदाला साधी चीरही गेली नाही. कुठूनतरी लांबून, बाहेरून, प्रसन्न त्याचं नाव घेऊन ओरडत होता.

"सलू! मी आहे गं! बाबा आलाय! इकडे बघ!"

पलीकडे पावलं थांबली. कुणीतरी खालच्या आवाजात काहीतरी विचारलं.

"कुणी नाही," सलोनीने जपानीत उत्तर दिलं, मोठ्यांशी बोलताना वापरतात त्या आदबीच्या भाषेत, जी तिला शाळेत कधी धड जमली नव्हती. "मी खूप हाका मारल्या होत्या. तो थांबला नाही."

पावलं पुन्हा चालू लागली. उदयने कान दाराला लावला आणि ती ऐकू येईनाशी होईपर्यंत ऐकत राहिला.